उगवतीचा वारा

तिलक नगरमधल्या आमच्या इमारतीचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. देवउठनी एकादशी झाली, लग्नांचे मुहूर्त सुरू झाले, की त्यावर दर वर्षी एकच प्रश्न येतो: लॉनवर मंडप घालावा की हॉल घ्यावा? मग तिसऱ्या मजल्यावरचा, आयटी कंपनीत असलेला पुण्याचा मुलगा फोनमधलं चित्र टाकतो. ढग, निळे थेंब, खाली टक्केवारी. सगळे त्याला हात जोडतात. मीही अंगठा दाखवतो, आणि मग गुपचूप गच्चीवर जाऊन वारा कुठून येतोय ते बघतो. बघून खाली येतो आणि चहा पितो. कोणाला काही सांगत नाही. ज्या माणसाने सतराव्या वर्षी जयपूर स्टेशनच्या अख्ख्या पार्सल ऑफिसला उद्याचं आभाळ आजच सांगून टाकलं होतं, त्याने सत्तरीच्या उंबरठ्यावर एवढं तोंड आवरावं हे बघून तुम्हाला वाटेल की वयाबरोबर शहाणपण आलं असणार. तसलं काही आलेलं नाही. कपाटाच्या वरच्या खणात एक गोधडी आहे, ती आडवी येते.

आम्ही मालवणकडचे. अण्णा रेल्वेत पार्सल क्लार्क, म्हणून बदल्या होत होत जयपूरला येऊन पडलो आणि तिथेच रुतलो. स्टेशनामागच्या क्वार्टरांत दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे न्हाणी आणि वर सपाट गच्ची. दिवसभर शंटिंगचे डबे एकमेकांवर आपटत. पाहुणे दचकत, आम्ही नाही, उलट आवाज थांबला तर आई हातातलं काम टाकून विचारायची, "काय झाला?" उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मालवणी, आणि आम्हा भावंडांच्या तोंडात दोन्हींची खिचडी. बाकी जगाशी आमचं छान चाललं होतं. वैर होतं ते फक्त सुक्या बांगड्यावरून. गावाहून कोणी आलं की सुके बांगडे, सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी, आणि सोलं यांचा एक डबा यायचा. आमच्या पूर्वेला मिसराईन राहायच्या, ज्यांच्या घरात कांदासुद्धा शिरत नसे. पश्चिमेला वानखडे काका, अकोल्याकडचे, लोको शेडमध्ये फिटर; ते वास आला की ताट घेऊनच येत. तेव्हा बांगडा तव्यावर टाकण्याआधी वारा मिसराईनकडे वाहतोय की वानखड्यांकडे, हे आईला कळणं फार गरजेचं असे. "बघ रे, वारो खंयसून येता?" ती खालून ओरडायची आणि मी गच्चीवरून बोट ओलं करून उत्तर द्यायचो. एकदा चुकलो. मिसराईननी तीन दिवस दारात गंगाजल शिंपडलं आणि आईने मला लाटण्याचा प्रसाद दिला. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून पहिलं वातकुक्कुट मी त्याच आठवड्यात गच्चीवर ठोकलं. लोकांना आभाळाची ओढ ग्रहताऱ्यांपायी लागते म्हणतात. मला ती सुक्या बांगड्यापायी लागली.

पुढचं सामान अण्णांनी पुरवलं. पार्सल ऑफिसात बेवारस मालाचा लिलाव व्हायचा. त्यात एका भंगारवाल्याने एक लाकडी पेटी उचलली, पेटी स्वतःला ठेवली आणि आतल्या काचा अण्णांच्या टेबलावर ठेवून गेला: दोन थर्मामीटर आणि एक गोल पितळी वायुभारमापक. दोनपैकी एका थर्मामीटरच्या टोकाला मी अण्णांच्या जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. एक कोरडा, एक ओला. दोघांच्या आकड्यांत फरक जास्त, तर हवा कोरडी. फरक कमी, तर हवेत ओल भरलेली. इतकं साधं आहे. वायुभारमापकाचा काटा मात्र 'अतिशय कोरडे' या खुणेवर कायमचा अडकला होता, आणि माझी निम्मी कीर्ती त्या अडकलेल्या काट्याने कमावलेली आहे. जयपुरात वर्षाचे दहा महिने 'पाऊस नाही' एवढंच म्हणत बसलं, तरी माणूस द्रष्टा ठरतो.

नोंदींची वही अण्णांनी स्वतः आखून दिली, पार्सलच्या रजिस्टरसारखी. देताना एकच अट घातली. "खोडरबर लावायचा नाय. आकडो चुकलो तर आडवी रेघ मारायची, वर बरोबर लिवायचो आणि बाजूक सही करायची. चुकीचो आकडोपण दिसाक व्हयो." रजिस्टरात खोडलेली जागा दिसली की अण्णांचा चेहरा कुणीतरी देवघरात चपला घालून आल्यासारखा व्हायचा. पान उजेडाकडे तिरपं धरून ते खालचा पुसलेला आकडा वाचून दाखवत, आणि त्या दिवशी संबंधित बाबूचा चहा बंद.

तर मी प्रसिद्ध झालो. पार्सल ऑफिसच्या दाराशी उशिरा येणाऱ्या गाड्या लिहायचा फळा होता, त्याच्या कोपऱ्यात अण्णांनी मला चार बोटं जागा दिली. कॉलेजला जाता जाता मी तिथे खडूने लिहायचो, 'कल का मौसम: साफ'. हमाल मला मौसम बाबू म्हणायला लागले. मधूनमधून माती खाल्ली नाही असं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागिरीला मी ढगांचं भाकीत केलं, म्हणून चाळीस माणसांनी मसाला दूध शाळेच्या वर्गात, बाकांवर बसून, ट्यूबलाइटखाली प्यायलं. खिडकीबाहेर चंद्र असा काही फुलला होता की मंडळाच्या अध्यक्षांनी शेवटी खिडकीच लावून घेतली. पण अशा गोष्टींनी माझी हिंमत खचत नसे. रोज सकाळी दाढी करताना अण्णा आरशातूनच विचारायचे, "आभाळ काय म्हणता रे?" मी वही उघडून आकडे वाचायचो, ते गालाला साबण तसाच ठेवून ऐकायचे. अण्णा कमी बोलणारे गृहस्थ. माझ्या मार्कांबद्दल, केसांबद्दल, पुढे काय करणार याबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही. हा एवढा एक प्रश्न त्यांचा आणि माझा होता.

आणि आजोबांची वही होती. माझे आजोबा गावाला खळ्यात सोलं, मासे, भात, काय वाटेल ते वाळवत, आणि पन्नास वर्षांचे वारे त्यांनी एका लांबट वहीत उतरवून ठेवले होते. त्यातला एक नियम अण्णांना तोंडपाठ होता, म्हणून मलाही: दिवाळीनंतर उगवतीचा वारा सुटला, की निर्धास्त वाळवण घाला, तीन दिवस थेंब नाही. कोकणात हे शंभर टक्के खरं आहे. तिथे पश्चिमेला समुद्र. ओल येते ती तिकडून, आणि पूर्वेकडून येतो तो डोंगरावरचा कोरडा वारा. जयपुरात समुद्र कुठल्याच बाजूला नाही, हे भूगोलाच्या पेपरात मी लिहू शकलो असतो. वहीशी त्याचा संबंध लावणं मात्र सुचलं नाही. आम्ही बदलीत भांडी, पाटा-वरवंटा, देव, सगळं घेऊन आलो होतो. त्यातच हा वाराही गोणपाटात बांधून आणला होता.

घीसालालजी हे अण्णांचे जयपुरातले एकमेव मित्र. जयपूरजवळच्या बगरूचे छीपा, म्हणजे ठशांनी कापड छापणारे. महिन्यातून एकदा छापलेल्या कापडाची गठडी घेऊन मुंबईला रवाना करायला येत. माणूस किडकिडीत, पण हात कोपरापर्यंत निळे, नखं तर काळीच. पहिल्यांदा ते घरी आले तेव्हा माझ्या बहिणीने त्यांना विचारलं होतं की तुम्ही शाई सांडली का, तेव्हा ते म्हणाले होते, "बेटी, म्हारै तो पैदा होते ही गिर जाती है." अण्णा त्यांच्या गठडीची शिवण स्वतः तपासत, ओल लागणार नाही अशा जागी ठेवून घेत. दोघं चहा पीत बाकावर बसत. अण्णांचं हिंदी बेताचं, घीसालालजींचं तिकडच्या ढूंढाडी बोलीच्या वळणाचं. तरी तासभर सहज जायचा.

त्या कार्तिकात एका शनिवारी दुपारी अण्णा त्यांना घेऊन घरीच आले. घीसालालजींच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. आईने सोलांचं सार आणि भात पुढे ठेवला, त्यांनी तो खाल्ला, आणि मग हकीकत सांगितली. मुंबईच्या व्यापाऱ्याने निरोप धाडला होता: दाबूची चाळीस थानं, म्हणजे कापडाचे तागे, बुधवारच्या गाडीने निघाली तर पुढचं वर्षभराचं काम तुमचं, नाहीतर आम्ही यंत्रावरच्या स्क्रीन छपाईकडे वळतो. दाबू म्हणजे चिखलाची छपाई. काळी माती, चुना, डिंक यांचा लगदा ठशाने कापडावर उठवायचा, वर लाकडाचा भुसा भुरभुरवायचा आणि कडक उन्हात वाळवायचं. मग निळीच्या हौदात बुडवलं की चिखलाखालची नक्षी पांढरी राहते आणि बाकी निळं होतं. पण चिखल वाळायच्या आत त्यावर चार थेंब पडले, की नक्षी फिसकटली. घीसालालजींचे दोघं भाऊ आधीच झोटवाड्याला एका कारखान्यात स्क्रीनच्या टेबलांवर रोजाने कामाला लागले होते. "तीन दिन की धूप मिल जाए बाबूजी, तो म्हारो आंगन बच जाए," ते म्हणाले. "आकाश का मन समझ में नहीं आता. कल छापूं कि रुकूं? रुकूं तो गाड़ी गई. छापूं और बरस जाए, तो कपड़ा गया, गाड़ी भी गई."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर फक्त आरशातून विचारलेला प्रश्न त्यांनी पहिल्यांदा पाहुण्यासमोर विचारला. "आभाळ काय म्हणता रे? वही घेवन ये."

मी वही आणायला आतल्या खोलीत गेलो. आणि आता जे लिहितोय ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. वातकुक्कुट कालपासून उगवतीला तोंड करून उभं होतं. आजोबांच्या नियमाने तीन दिवस कोरडे. पण त्या सकाळी दोन थर्मामीटरमधला फरक, जो एरवी सहा-सात असायचा, तो फक्त दोन निघाला होता. रात्रीही थंडी पडली नव्हती, आईने रजई पायाशी लोटली होती. सकाळी मी दोनचा आकडा लिहिला होता आणि मनाशी म्हटलं होतं की धोतराची पट्टी सुकली असणार. मग बोट लावून पाहिलं होतं. पट्टी ओली होती. म्हणजे हवेत ओल होती, मला ते दिसलं होतं, आणि बाहेर अण्णा ही वही पाहुण्याला वाचून दाखवणार होते. आजोबा एक म्हणतायत, आकडा दुसरं. वर आडवी रेघ मारून सही करायची म्हणजे चुकलोय असं अण्णांच्या मित्रासमोर कबूल करायचं. मी कंपासपेटीतला खोडरबर काढला, दोन पुसला, भुकटी फुंकली आणि सात लिहिलं.

अण्णांनी वही हातात घेतली, खिडकीच्या उजेडाकडे जरा तिरपी धरली. थांबले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मग मोठ्या आवाजात वाचलं, "हवा पूरब से. फरक सात. मतलब एकदम सूखी हवा, घीसालालजी. हमारे पिताजी का पचास साल का हिसाब है, पूरब की हवा में तीन दिन बारिश नहीं."

तेवढ्यात वानखडे काका ताट घेऊन दारात. बांगड्याचा वास नव्हता, पण सवयीने आले असावेत. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं आणि उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले, "काऊन बे मौसमबाबू, हा काय तुह्या आज्याच्या गावचा वारा हाये? अठरा वर्सं झाले मले इथं. पुरवाई सुटली का मी शेडवर ताडपत्री काढून ठेवतो. मावठ येते तिच्यामांगं, हिवाळ्यातलं पाणी."

"काका, शास्त्रात ताडपत्रीवरून अंदाज करत नाहीत," मी म्हणालो. हे वाक्य मी गेली पन्नास वर्षं अधूनमधून अंघोळ करताना आठवतो आणि डोक्यावर एक तांब्या जास्त ओततो.

"ठीक हाये बा. तू शिकलेला, मी फिटर," काका म्हणाले, आणि अण्णांकडे बघत बसले. अण्णांनी वही मिटली. घीसालालजींनी दोन्ही निळ्या हातांनी माझं डोकं धरून आशीर्वाद दिला. "जुग जुग जियो मौसम बाबू." केसांना निळीचा आंबूस वास लागला, तो मी मुद्दाम धुतला नाही.

सोमवारी अण्णांनी रजा टाकली आणि आम्ही दोघं बसने बगरूला गेलो. माझा विजय बघायला, असं माझ्या मनात होतं. अण्णांच्या मनात काय होतं ते ठाऊक नाही. वाटेत ते सारखे खिडकीतून वर बघत होते. घीसालालजींच्या घरामागच्या मोठ्या अंगणात चाळीस थानं जमिनीवर अंथरलेली, एकाला एक लागून, सगळ्यांवर मातकट पानाफुलांची नक्षी आणि वर भुसा. घरची पोरंबाळं, सुना, सगळी दोन दिवस ठसे मारून वाकलेली. हौदात नीळ कालवून तयार होती. थानं संध्याकाळपर्यंत वाळायची, मंगळवारी बुडवून पुन्हा वाळवायची, बुधवारी गाडीवर. आम्हाला खाटेवर बसवून बाजरीची रोटी, लसणाची चटणी आणि गट्ट्याची भाजी वाढली. घीसालालजींची आई, माजी, ऐंशीची असेल, कापडांच्या मधून पाय सांभाळत फिरत होती. मधेच वाकून एका फुलावर अंगठा टेकवायची, उचलून बघायची. अंगठ्याला चिखल लागून येई.

"सूख कोनी रह्यो," ती मुलाला म्हणाली. वाळत नाहीये. "दो दिन री धूप में तो पापड़ हो जातो."

घीसालालजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच ठेवून वर बघितलं. सूर्याभोवती दुधाळ कडं पडलं होतं. वारा पूर्वेकडून, मऊ, ओलसर, गालाला गावच्यासारखा लागणारा. तेव्हाही मला बोलता आलं असतं. तेव्हाही अर्धी थानं घरात, ओसरीवर, शेजाऱ्यांच्या पडवीत पसरून वाचवता आली असती. मी घास गिळला आणि म्हणालो, "माजी, हवा पूरब की है. आप चिंता मत करो." अण्णांची रोटी ताटात तशीच होती.

तीन वाजता पहिला थेंब माझ्या वहीवर पडला. त्यांच्या कापडावर नव्हे, माझ्या वहीवर. देवालासुद्धा थट्टा सुचते. मग पाच-सहा, मग बारीक, चिकट, न थांबणारी भुरभुर. घरातली सगळी ओरडत धावली. मीही धावलो, आणि शहाण्यासारखं एक थान उचलून पटकन घडी घातली. "घडी मत करो! घडी मत करो!" घीसालालजी ओरडले, पण तोवर माझ्या छातीशी धरलेल्या कापडात चिखल चिखलावर दाबला गेला होता. उलगडलं तेव्हा पानं नव्हती, फुलं नव्हती. नुसता एक तपकिरी फराटा. अशी तीन थानं मी एकट्याने निकालात काढली, बाकीची पावसाने. सुनांनी काही खाटांवर टाकली, त्यांच्या कडा ओघळल्या. पाऊणएक तासात सगळं अंगण चिखलाचं झालं, म्हणजे होतंच चिखलाचं, पण आधी त्यात हातांचं काम होतं.

घीसालालजी ओसरीच्या पायरीवर बसले. माजी मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "छोरा, थारै बाप रै घर में अंगूठो कोनी कांई?" तुझ्या बापाच्या घरात अंगठा नाही का? मी काहीतरी म्हणणार, एवढ्यात अण्णा माझ्या पुढे आले. ते पावसात उभे होते, सदरा अंगाला चिकटलेला.

"घीसालालजी, बच्चे का दोष नहीं," ते म्हणाले. "नियम मेरे बाप का था, मैंने पढ़ के सुनाया. गलती मेरी है."

"आपने तो वही पढ़ा जो लिखा था, बाबूजी," घीसालालजी म्हणाले. अण्णांनी मान खाली घातली. तेव्हा मला वाटलं, किती मोठं मन. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला, हेही लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे.

निघताना घीसालालजींनी मी घडी घातलेलं एक थान गुंडाळून माझ्या हातात दिलं. "ले जाओ मौसम बाबू. पहनने का नहीं रहा, पोंछने का हो गया." दुसऱ्या दिवशी आभाळ निळंभोर निघालं आणि वायव्येकडून असा कापणारा गारठा सुटला की बांगड्याचा धूर थेट मिसराईनकडे गेला असता, पण आईने बांगडा काढलाच नाही. बुधवारची गाडी गठडीशिवाय गेली. त्या थानाची आईने गोधडी शिवली, कारण आई कापड टाकत नसे. अण्णा ती बावीस वर्षं पांघरले.

त्या मंगळवारी सकाळी अण्णा दाढीला बसले. मी वही घेऊन बाजूला उभा राहिलो. त्यांनी गालाला साबण लावला, वस्तरा फिरवला, तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर गेले. फळ्यावरची माझी चार बोटं जागा पुसली गेली, तिथे पुन्हा गाड्या आल्या. हमालांनी दोनतीन दिवस "मौसम बाबू, छाता लूं?" म्हणत मजा केली, मग तेही विसरले. घीसालालजी नंतर पार्सल ऑफिसात कधी आले नाहीत. वर्षभराने मी झोटवाड्याच्या बसमध्ये उभा होतो, माझ्या पुढच्या माणसाने दांडा धरला होता, आणि तो हात ओळखीचा वाटला तरी ओळख पटेना. मग कळलं का ते. हात स्वच्छ होता. नखं गुलाबी होती. घीसालालजींनी वळून पाहिलं आणि अगदी पूर्वीसारखं म्हणाले, "कैसे हो मौसम बाबू?" टोमणा असता तर सोसला असता. ते खरंच विचारत होते. मी पुढच्याच थांब्यावर उतरलो. मला तिथे उतरायचं नव्हतं.

अण्णांचा शेवटचा कार्तिक तिलक नगरच्या या घरातच गेला. तोवर आई गेली होती, मी सरकारी बँकेत स्थिरावलो होतो, आणि पुरवाई सुटली की मावठ येते हे जयपुरातल्या सगळ्या शेंबड्या पोरांइतकंच मलाही कळत होतं. अण्णांची खाट खिडकीशी होती. एका सकाळी दूधवाला हरिराम आला, तेव्हा मी त्यांच्या पायाशी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. अण्णांनी मान उचलून त्याला विचारलं, "भैया, बारिश होगी क्या?"

हरिराम माझ्याकडे बघून हसला. "बाबूजी, घर में पढ़े-लिखे बैठे हैं, उन्हीं से पूछो."

"उसको छोड़ो. तुम बताओ."

"ना जी, एकदम साफ है," हरिराम म्हणाला आणि दूध ओतून गेला.

वारा पूर्वेचा होता. मी उठलो, गच्चीवर गेलो, दोरीवर उन्हाला टाकलेली ती गोधडी काढून खाली आणली आणि त्यांच्या पायांवर घातली. तासाभरात खिडकीच्या काचेवर भुरभुर सुरू झाली. अण्णा बराच वेळ पावसाकडे बघत होते, मग कोरड्या गोधडीकडे. तो तपकिरी फराटा अजून तसाच होता. मी सगळा धीर एकवटून म्हणालो, "अण्णा, एका चुकीपायी बावीस वर्षं मला आभाळ विचारलं नाही?"

"चुकलस म्हणान नाय," ते म्हणाले. हळू बोलत, दम लागत होता. "खोडलस म्हणान." मग, माझ्याकडे न बघता: "आणि माका तेवाच दिसलला. दोनावर सात. पाहुण्यासमोर माझ्या तोंडातसून शब्द फुटाक नाय."

त्यांनी पायाने गोधडी बाजूला सारली.

"ही वर ठेवन दी," ते म्हणाले. ठेवली. अजून तिथेच आहे.